गारव्याची वाट

मे महिन्यात दुपारी दीड-दोनच्या सुमारास नागपुरातल्या एखाद्या जुन्या वस्तीतून गेलं तर रस्त्यावर माणूस दिसत नाही. कुत्री असतात, पण ती शोधावी लागतात. एखादं कोरड्या नालीच्या तळाशी पोट टेकून पडलेलं असतं. एखादं बांधकामाच्या रेतीच्या ढिगावर, वरची तापलेली रेती पंजांनी उकरून आतल्या ओलसर थरात शिरलेलं. कोणी उभ्या ट्रकखाली, कोणी देवळाच्या फरशीवर. आणि ज्या खिडकीतल्या कूलरमधून पाणी ठिबकत असतं, तिच्याखाली तर हमखास कोणीतरी असतंच. तासाभराने त्याच गल्लीतून परत आलं की यांच्या जागा बदललेल्या दिसतात, कारण मधल्या वेळात सावली सरकलेली असते.

नागपुरात पशुवैद्यक म्हणून काम करताना उन्हाळ्याबद्दलची सगळ्यात मोलाची गोष्ट मी या कुत्र्यांकडे बघून शिकले. गारवा कुठे आहे हे कुत्र्याला शिकवावं लागत नाही. कोणती फरशी थंड आहे, कोणत्या भिंतीवर दुपारनंतर ऊन येत नाही, वारा कुठल्या बोळातून येतो, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तरीही ऊन लागून माझ्या टेबलावर जे कुत्रे येतात, त्यांतले बहुतेक घरातले असतात. लाडाचे, वेळेवर लस टोचलेले, पोटभर खाणारे. त्यांच्या आणि गारव्याच्या मध्ये काहीतरी आलेलं असतं. कधी बंद दार, कधी गळ्यातली साखळी, कधी गच्चीची कडी, कधी गाडीची काच. आणि बऱ्याचदा, ज्याच्यावर त्या कुत्र्याचा जीव आहे त्या माणसाची हाक. उन्हाळ्यात कुत्र्याची काळजी घेणं म्हणजे आधी हा मधला अडथळा दूर करणं, असं मी मानते. बाकीच्या साऱ्या युक्त्या त्यानंतरच्या.

‘मॅडम, याला घाम येत नाही का?’ हा प्रश्न दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. घाम येतो, पण तो पंजांच्या गाद्यांना. उन्हाळ्यात फरशीवर ओल्या पंजांचे ठसे उमटतात ते त्यामुळे. तेवढ्या घामाने अंग काही थंड होत नाही. शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याचं कुत्र्याचं मुख्य साधन श्वास हेच आहे. शांत पडलेला कुत्रा मिनिटाला १५ ते ३० वेळा श्वास घेतो, धापा टाकताना तो आकडा ३०० च्या आसपास जाऊ शकतो. नाकाच्या ओल्या अस्तरावरून आणि जिभेवरून हवा वेगाने ये-जा करते, तिथल्या पाण्याची वाफ होते, त्या वाफेबरोबर उष्णता जाते आणि थंड झालेलं रक्त अंगात परततं. पोटावर केस विरळ असतात, म्हणून गार फरशीवर पोट टेकून पडलं की आणखी थोडी उष्णता फरशीला देता येते. कुत्र्याकडे एवढंच आहे.

यातून दोन गोष्टी ओघाने येतात. वाफ व्हायची तर अंगात पाणी हवं. एरवी कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे पंचवीस किलोच्या कुत्र्याला सव्वा ते दीड लिटर. आमच्याकडच्या मे महिन्यात ही गरज दुपटीपर्यंत जाऊ शकते. भांडं एकच असेल, ते उन्हात असेल आणि दुपारी लाथ लागून उलटलं असेल, तर संध्याकाळपर्यंत त्या कुत्र्याचं थंड होण्याचं साधनच काढून घेतल्यासारखं होतं. म्हणून पाण्याची भांडी निदान दोन, जड, रुंद तोंडाची आणि सावलीत. मातीचं भांडं सगळ्यात चांगलं, कारण ते पाझरतं आणि पाणी गार ठेवतं.

दुसरी गोष्ट हवेची. वाफ होण्यासाठी हवा कोरडी हवी. विदर्भातलं ऊन तीव्र असतं, पण मे महिन्यातल्या दुपारी हवेतली आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली असते, त्यामुळे सावलीत बसलेल्या आणि पाणी प्यायलेल्या कुत्र्याच्या धापा कामी येतात. मुंबईत किंवा कोकणात ३४ अंशांनाही कुत्रा बेजार होतो तो दमटपणामुळे. आमच्याकडे हे दिवस जूनमध्ये येतात. पहिल्या एक-दोन सरी पडून जातात, पारा ३७-३८ वर उतरतो, लोक म्हणतात सुटलो बुवा, आणि संध्याकाळच्या फेऱ्या पुन्हा लांबतात. हवेत मात्र उमस भरलेली असते. मे महिना सुखरूप काढलेले कुत्रे त्या आठवड्यांत आजारी पडताना मी पाहिले आहेत. ज्या कूलरने मे महिन्यात घर गार ठेवलं, तोच कूलर बंद खोलीत चालवला की उमसेत भर घालतो. खोलीत शिरलेली दमट हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी. आणि कूलरचं अर्थिंग नीट आहे ना, हे मार्चमध्येच इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्यावं. कूलरखाली साचलेलं पाणी चाटायला कुत्रे जातात, आणि त्यात करंट उतरला तर काही करायला वेळच मिळत नाही.

नागपूरच्या उन्हाची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे. मे २०१३ मध्ये इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मेअखेरच्या नवतप्याच्या कडक उन्हात माणसं आपोआप जपून वागतात, कुत्र्यालाही बाहेर काढत नाहीत. माझ्या दवाखान्यात गर्दी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, होळीच्या आसपास. कारण तेव्हा शरीराची तयारी झालेली नसते. उन्हाशी जुळवून घ्यायला कुत्र्याच्या शरीराला काही आठवडे लागतात. अंगावर हिवाळ्यातली दाट लव अजून असते, आणि घरातल्या माणसांच्या डोक्यातून थंडीतलं वेळापत्रक गेलेलं नसतं. जानेवारीत सकाळी आठला फिरायला नेत होतो, मार्चअखेरीसही आठलाच नेतो. घड्याळ तेच असतं, सूर्य तो नसतो.

एप्रिलच्या सुरुवातीची एक रविवारची सकाळ मला आठवते. पाच-सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन थोडं जास्तच. मुलांना सुट्टी म्हणून साडेआठला सगळे मैदानावर गेलेले. चेंडू फेकायचा, त्याने आणायचा. तासभर हे चाललं. शेवटी तो चेंडू तोंडात घेऊन परत येताना अडखळला आणि बसला. घरच्यांना वाटलं दमला. घरी आणून एसीच्या खोलीत ठेवला. उलटी झाली, मग पातळ शी झाली आणि तिच्यात रक्त दिसलं, तेव्हा त्याला आणलं. ‘डॉक्टर मॅडम, सकाळपासून नुसता धापा टाकून राहिला, उठून नाही राहिला,’ एवढंच त्याचे बाबा बोलू शकले. थर्मामीटर १०७ फॅरनहाइटच्या वर गेला होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं.

सकाळचे साडेआठ, पारा चाळिशीच्या आतच, चांगलं मोकळं मैदान आणि बादलीभर प्रेम. यात धोका आहे असं कोणालाच वाटलं नसतं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी तिथल्या पशुदवाखान्यांच्या हजारो नोंदी तपासून २०२० मध्ये जे मांडलं, ते मला पटतं ते यामुळेच. उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुत्र्यांच्या बाबतीत कारण व्यायाम किंवा खेळ हे होतं. बंद गाडीत अडकल्याने आजारी पडलेले पाच टक्क्यांच्या आसपास होते. माझ्या टेबलावरचं चित्रही फारसं वेगळं नाही. उन्हात उभा राहिलेला कुत्रा सावली शोधतो. चेंडूमागे धावणारा कुत्रा थांबत नाही, कारण समोरच्या माणसाचा आनंद त्याला दिसत असतो. स्कूटरच्या बाजूने पळवला जाणारा कुत्रा पट्ट्याच्या लांबीपलीकडे जाऊच शकत नाही. कुत्र्याच्या निष्ठेचं आपण फार कौतुक करतो. त्याच निष्ठेपायी तो आपल्यासाठी जीव जाईपर्यंत धावतो, म्हणून थांबायचं कधी हे आपणच ठरवायला हवं. जीभ रुंद होऊन टोकाशी चमच्यासारखी वळली, डोळे ताणले गेले, तो सावलीकडे रेंगाळायला लागला, की खेळ तिथेच संपवायचा. त्याने आडवं पडेपर्यंत वाट बघायची नाही.

शरीराचं तापमान १०६ च्या पलीकडे गेलं की आत काय होतं, ते बाहेरून दिसणाऱ्या धापांवरून कळत नाही. आतड्याचं अस्तर सुटायला लागतं, म्हणून शीतून रक्त येतं. मूत्रपिंडांना इजा होते. रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते आणि पोटाच्या कातडीवर, हिरड्यांवर बारीक लाल ठिपके उमटतात. मेंदूला सूज आली तर झटके येतात. यातलं बरंचसं पहिल्या तासात दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं. म्हणून तापमान उतरलं, कुत्रा उठून बसला, शेपटी हलवली, तरी मी त्याला लगेच घरी सोडत नाही. घरच्यांना राग येतो, तो मी ऐकून घेते. इस्रायलमधल्या एका पशुवैद्यकीय रुग्णालयाचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. तिथे दाखल झालेल्या कुत्र्यांपैकी निम्मे वाचले नाहीत, आणि दीड तासाहून उशिरा पोहोचलेल्यांना धोका अधिक होता. तो लॅब्रॅडॉर दुसऱ्या रात्री गेला. सलाईन, ऑक्सिजन, प्लाझ्मा, सगळं देऊन झालं होतं.

त्याच उन्हाळ्यात शहराबाहेरच्या एका वाडीतून एक गावठी कुत्रा आला. मालक वावरातून बैलगाडीमागे त्याला भर दुपारी घेऊन आले आणि अंगणात पोहोचताच तो कोसळला. गाडी मिळेपर्यंत घरातल्या आजींनी विहिरीचं पाणी बादल्यांनी त्याच्या अंगावर ओतलं. पोटावर, काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला, केस बाजूला सारून कातडीपर्यंत. मग ओसरीतला टेबलफॅन ओढून त्याच्यापुढे लावला. गाडीतही काचा उघड्या आणि मांडीवर पाण्याची बादली. माझ्याकडे आला तेव्हा तापमान १०४ होतं आणि तो मान उचलून बघत होता. आजी म्हणाल्या, ‘बैलाला ऊन लागलं की आम्ही हेच करतो ना बाई.’ तो वाचला, आणि त्याला मी वाचवलं असं मी कधी म्हणणार नाही.

तेव्हापासून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते. ऊन लागलेल्या कुत्र्याला पहिल्यांदा थंड करा, मग दवाखान्याकडे निघा. फोन करा, गाडी बोलवा, पण तोवर पाणी ओतत राहा. रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की ब्रिटनसारख्या ठिकाणीही दवाखान्यात आणण्यापूर्वी पाचातल्या एकाच कुत्र्याला थंड केलेलं होतं. पूर्वी आम्हीही शिकलो होतो की पाणी कोमटच हवं, थंड पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत कोंडते. आता हे मत बदललं आहे. तरुण आणि एरवी ठणठणीत कुत्र्याला, तो शुद्धीवर असेल आणि डोकं पाण्याबाहेर धरलेलं असेल, तर सरळ थंड पाण्याच्या टबात बसवावं. म्हातारा किंवा आधीच आजारी असेल तर पाणी ओतून पंख्याचा वारा द्यावा. माठाचं पाणी, नळाचं पाणी, विहिरीचं पाणी, जे हाताशी असेल ते. बर्फ शोधत बसण्यात वेळ घालवू नये. पाणी अंगापेक्षा थंड असलं आणि हवा खेळती असली म्हणजे काम होतं. आमच्या कोरड्या हवेत तर पंखा आणि ओलं अंग ही जोडी फार गुणाची आहे. थर्मामीटर असेल तर १०३.५ ला थांबावं, नाहीतर तापमान उलट फार खाली जातं.

काय करू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. ओला टॉवेल पांघरून ठेवून देऊ नये. तो थोड्या वेळात अंगाइतकाच गरम होतो आणि वारा अडवतो. शुद्ध हरपत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जातं. तो तडफडतो म्हणून तोंडाला चिंधी बांधून आणतात, तेव्हा माझ्या काळजात धस्स होतं, कारण थंड होण्याचा त्याच्याकडे असलेला मुख्य मार्ग त्या चिंधीने बंद केलेला असतो.

आणि तापाची गोळी देऊ नये. तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो, गोळी तो आदेश मागे घ्यायला लावते. ऊन लागतं तेव्हा मेंदूचा आदेश जागच्या जागी असतो, शरीराला तो पाळता येत नाही. तिथे गोळीने काहीच साधत नाही. वर पॅरासिटामॉलचा भार यकृतावर पडतो, आणि आयबुप्रोफेन तर कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना थेट इजा करतं.

विदर्भात कांद्यावर लोकांची मोठी श्रद्धा. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या खिशात कांदा ठेवणारी घरं मी लहानपणापासून पाहिली आहेत, त्यामागची माया मी जाणते. त्याच मायेने कुत्र्यालाही कांदा ठेचून खाऊ घालतात, नाहीतर त्याच्या पंजांना चोळतात, आणि तो ते चाटून टाकतो. कांदा कच्चा असो वा शिजवलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तो फोडतो. उन्हाने आधीच खचलेल्या शरीरावर हा दुसरा घाव. द्राक्षंही अजिबात नकोत, त्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. द्यायचंच असेल तर बिया काढलेलं कलिंगड द्यावं, किंवा पचत असेल तर पातळ, बिनमिठाचं ताक.

उन्हाळ्यातली आणखी एक गल्लत मला वारंवार सोडवावी लागते. कुत्र्याच्या नाकातून रक्त येतं आणि घरचे सांगतात, उन्हानं घोळणा फुटला. लेकरांचा फुटतो तसा याचाही फुटला, असं त्यांना वाटतं. कुत्र्याच्या बाबतीत मी आधी कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधते आणि रक्त तपासायला पाठवते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होतात आणि नाकातून रक्त येतं. उन्हाळ्यात गोचिडीही फोफावतात, म्हणून दोन्ही आजार एकाच वेळी दारात येतात. डोक्यावर थंड पाणी मारत चार दिवस काढले, तर औषधाने बरा होणारा कुत्रा हातचा जातो.

गारव्याची निवड कुत्र्यालाच करू द्यावी, असं मी म्हणते तेव्हा ज्यांना निवड करताच येत नाही त्यांचीही आठवण ठेवावी लागते. पग, बुलडॉग, शित्झू, बॉक्सर यांचं नाक आपल्याला गोड दिसावं म्हणून पिढ्यान्पिढ्या आखूड केलं गेलं. श्वासातून उष्णता टाकणारं मुख्य यंत्रच त्यांच्याकडे अपुरं आहे. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि तो देशभर घराघरांत हवाहवासा झाला. त्याला लागणाऱ्या हवेचा विचार मात्र फार थोड्यांनी केला. पगला उन्हाळ्यात फिरवायचं तर सूर्य उगवण्याआधी, तेही चार पावलं आणि शी-शू एवढंच. घोरण्यासारखा आवाज वाढला, तर ते गोंडस नाही, तो गुदमरतो आहे. हस्की आणि सेंट बर्नार्ड नागपुरात आणणाऱ्यांना मी पिल्लू घेण्याआधीच भेटले तर स्पष्टपणे नको म्हणते. पिल्लू घेऊन आले, तर त्याच्यासाठी जे जे करता येईल ते सांगते. अंगावरचे केस भादरून टाका असा सल्ला त्यांना कोणीतरी दिलेला असतोच. दुहेरी केसांच्या कुत्र्याचं तसं करू नये. आतली लव विंचरून काढावी, वरचे केस राहू द्यावेत, कारण तेच त्याला उन्हापासून वाचवतात. शित्झू-ल्हासासारख्यांचे वाढलेले केस कमी करायला हरकत नाही.

म्हाताऱ्या कुत्र्याला सावली सरकलेली कळते, पण गुडघे त्याला उठू देत नाहीत. लठ्ठ कुत्रा चरबीच्या थरात कोंडलेला असतो. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरच्या घशाचे स्नायू काही वेळा सैल पडतात, आवाज बदलतो आणि श्वास अडतो. हृदयाच्या रोग्याला धापांचाच शीण होतो. यांच्यासाठी आपणच दिवसातून दोन-तीनदा जागा बदलायला हवी, पाणी तोंडाजवळ न्यायला हवं. सकाळचं खाणं लवकर आणि संध्याकाळचं सूर्य बुडाल्यावर द्यावं, कारण अन्न पचवतानाही अंगात उष्णता तयार होते.

घराचं म्हणाल तर माझं सांगणं थोडक्यात असतं. दुपारी गच्चीवर नाही, टिनाच्या शेडखाली नाही, साखळीने बांधून नाही. टिनाखाली सावली दिसते, पण वरून तापलेला पत्राच अंगावर उष्णता टाकत असतो. सगळे कामावर जाणार असतील तर एसीच्या एकाच खोलीत कुत्र्याला बंद करून जाऊ नये. वीज गेली की तीच खोली भट्टी होते आणि तो बाहेर येऊ शकत नाही. आतली दारं उघडी ठेवावीत, न्हाणीघराची फरशी ओली करून तेही दार उघडं ठेवावं. बहुतेक कुत्रे दुपारी तिथेच सापडतात. रस्त्यावर पाऊल टाकण्याआधी हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. नागपुरात आता बरेच रस्ते सिमेंटचे आहेत, आणि ते सूर्य मावळल्यावरही बराच वेळ झळा मारतात. म्हणून मे महिन्यात संध्याकाळी सातचीही घाई नको, पहाट बरी. गाडीत ‘दोन मिनिटं’ ठेवण्याबद्दल तर मी वादच घालत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये मोजून दाखवलं आहे की बंद गाडीतली बहुतेक तापमानवाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांपासून मी शिकले असं सुरुवातीला म्हटलं. त्यांचीही वाट आता अडत चालली आहे, आणि ते मला बोचतं. झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट येतं, मग उकरायला माती उरत नाही. जुनी घरं पडून फ्लॅट होतात, पार्किंगला फाटक बसतं आणि भर दुपारी काठी घेऊन कुत्र्यांना बाहेर हुसकलं जातं. सार्वजनिक नळ गेले, घरोघरचे हौद गेले. अंगाने सडपातळ, केसांनी आखूड, कानांनी उभी अशी ही आपल्या मातीतली कुत्री ऊन सोसायला विलायती जातींपेक्षा कितीतरी तयार आहेत, पण पाणी आणि सावली यांच्यावाचून कोणतंही शरीर टिकत नाही. माझ्या दवाखान्याच्या दारात सिमेंटची एक डोणी आहे. ती रोज सकाळी घासून भरली जाते, तेच पाणी चार दिवस ठेवलं तर डास होतात आणि आजार पसरतात. तिथे गायीही पाणी पितात, चिमण्याही. शेजारच्या इमारतीतल्या लोकांना मी विनवलं, एप्रिल ते जून एवढे तीन महिने दुपारी पार्किंगमधून कुत्र्यांना उठवू नका. त्यांनी मानलं. दुपारी कुत्री तिथे निजतात, ऊन उतरलं की आपापल्या गल्लीत जातात. कोणाचं काही बिघडलं नाही.

उन्हाळा आपल्या हातात नाही, आणि विदर्भातला तर नाहीच. पण ऊन लागून आलेल्या प्रत्येक कुत्र्याची हकीकत मी विचारते, तेव्हा तिच्यात एक क्षण असा सापडतो जिथे त्याला सावलीकडे जायचं होतं आणि जाता आलं नाही. त्या क्षणी तिथे एक माणूस असतो, बहुधा त्याच्यावर माया करणारा. म्हणूनच या आजाराबद्दल मला आशा वाटते. हा बराचसा टाळता येणारा आजार आहे, आणि टाळायला पैसे फारसे लागत नाहीत. फिरण्याची वेळ बदलावी लागते, चेंडू खिशात ठेवावा लागतो, साखळी सोडावी लागते, दार उघडं ठेवावं लागतं. कुठे बरं वाटतं हे कुत्रा स्वतः ठरवेल. त्याला तिथपर्यंत जाता यावं एवढं आपल्या हातात आहे, आणि होळी पेटायच्या आत त्याची तयारी प्रत्येक घराने करावी, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.